मातीची सोबत

मातीचे मडके तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. पाणी ठेवायला मडके लागते. लग्नात बोहल्याशी मडक्यांची उतरंड मांडतात. आणि माणूस मेला की पुढे चालणाऱ्याच्या हातात मडकेच असते. मसणात प्रेताभोवती फेरे घालायचे, मडक्याला भोक पाडायचे, पाण्याची धार धरायची आणि शेवटी मडके फोडायचे. हे आपण वाडवडिलांपासून करत आलो.

हे का करतात, असे विचारले तर बहुतेक जण म्हणतात, "रीत आहे." खरेच आहे. पण ही रीत फार जुनी आहे. मेलेल्या माणसाला मातीची सोबत द्यावी, असे माणसाला हजारो वर्षे वाटत आले आहे. कोणी मडकी दिली. कोणी रांजण दिला. कोणी तर मातीची माणसेच करून दिली. त्यांचीच हकीगत आम्ही या पाठात सांगणार आहोत.

घोड नदीकाठचे गाव

तोंडवलीच्या किनाऱ्यावरून घाट चढून वर गेले की देश लागतो. तिथे पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव म्हणून गाव आहे. गावाजवळ जुन्या वस्तीची टेकाडे होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या विद्वानांनी ती टेकाडे खणायला १९६८ साली सुरुवात केली. हे काम १९८३ सालापर्यंत चालले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी ही त्यातली मोठी नावे.

खणणे म्हणजे कुदळीने धडाधड फोडणे नव्हे, बरे का! मातीचा एकेक थर हळूहळू काढायचा. ब्रशने झाडायचे. जे मिळेल ते कुठे मिळाले, किती खोल मिळाले, ते लिहून ठेवायचे. त्याचे चित्र काढायचे. मगच ते उचलायचे.

असे खणल्यावर जमिनीखाली एक अख्खे गाव सापडले. सुमारे १३० घरांच्या खुणा मिळाल्या. चुली मिळाल्या, धान्याची कोठारे मिळाली, कुंभाराची भट्टी मिळाली. हे लोक शेतकरी होते. सातू पिकवत, गाईगुरे पाळत. त्यांना तांबे माहीत होते, पण लोखंड माहीत नव्हते. ही वस्ती इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली. म्हणजे पहिली घरे उभी राहिली त्याला आज साडेतीन हजार वर्षे झाली.

घराखालची मुले

या गावात दोनशेहून अधिक दफने सापडली. दफन म्हणजे प्रेत पुरणे. पण त्यांचे मसण गावाबाहेर नव्हते. घरातल्या जमिनीखाली, नाहीतर खळ्यात, ते आपले माणूस पुरत.

यात लहान मुले फार होती. त्या काळी औषध नव्हते, दवाखाना नव्हता. ताप आला, हगवण लागली, की मूल हातचे जाई. मूल गेले म्हणजे दोन मोठी मडकी घेत. मुलाला त्यांत ठेवत. मडक्यांची तोंडे एकमेकांना भिडवत आणि ती आडवी करून खड्ड्यात ठेवत. जवळ लहान वाडगे, तोटीचे भांडे ठेवत. मग वर माती टाकून जमीन सारवून घेत. त्याच जमिनीवर घरची माणसे उठत, बसत, जेवत.

हे ऐकून अंगावर काटा येईल. पण आईच्या बाजूने विचार करून पाहा. मडके आईच्या पोटासारखे गोल असते. मूल परत पोटात ठेवावे तसे त्यांनी ते मातीच्या पोटात ठेवले. लांब रानात टाकले नाही, आपल्या जवळ ठेवले. त्यांच्या मनात नेमके काय होते ते लिहिलेले नाही, पण माया होती हे त्या मडक्यांवरून दिसते.

प्रवरा नदीच्या काठी नेवासे आहे. तिथेही १९५४ सालापासून असेच खोदकाम झाले आणि मुलांची अशीच दफने सापडली. त्यांतल्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मण्यांत धाग्याचा अंशही उरला होता. तांबे तेव्हा महाग. तरी घरच्यांनी माळ काढून घेतली नाही.

मोठ्या माणसांची रीत वेगळी होती. प्रेत उताणे निजवत. डोके उत्तरेला करत. पण पाय घोट्यापासून तोडत! विद्वान म्हणतात, मेलेला माणूस भूत होऊन चालत परत येऊ नये, म्हणून असे करत असावेत. माया होती तशी भीतीही होती. आजही कोणी मेले की घरची माणसे परतताना मागे वळून पाहत नाहीत. त्या गोष्टीतही थोडी माया आणि थोडी भीती आहे, नाही का?

चार पायांचा रांजण

इनामगावात एक पाच खोल्यांचे घर मिळाले. बाकीच्यांची घरे लहान, हे मोठे. शेजारीच धान्याचे कोठार. तेव्हा हे गावच्या मुख्याचे घर असावे, असे विद्वानांनी ठरवले.

या घराच्या अंगणात एक विलक्षण रांजण सापडला. कच्च्या मातीचा, म्हणजे न भाजलेला. त्याला चार जाड पाय होते. उंची पाऊण मीटरच्या थोडी वर. आत एक पुरुष बसवलेला होता, पाय दुमडून, जसे मूल पोटात असते तसे. वय सुमारे ४० वर्षांचे. आणि त्याचे पाय मात्र तोडलेले नव्हते! गावातल्या इतरांना एक नियम, याला दुसरा. जिवंतपणी मान होता, तो मेल्यावरही राहिला.

त्याच्याजवळ ठेवलेल्या एका भांड्यावर होडीचे चित्र होते. होडीला लांब वल्ही दाखवलेली. आता घोड नदी काही समुद्र नव्हे. मग होडी कशाला? विद्वानांचा तर्क असा, की मेलेल्याला पलीकडच्या तीरावर जायचे, त्यासाठी ही होडी. तोंडवली-तळाशीलच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला खाडी. पलीकडे जायचे तर होडी पाहिजे, हे इथल्या पोरालाही ठाऊक असते.

पेटीतली बाई

इनामगावात आणखी एक नवलाची वस्तू मिळाली. घराच्या एका कोपऱ्यात, जमिनीखाली, मातीची लांबट पेटी पुरलेली होती. तिच्यावर झाकण. आत मातीची एक बाई, पण तिला डोके नव्हते. मोडले नव्हते, मुळात केलेच नव्हते. झाकणावर मातीची दुसरी बाई होती, तिला डोके होते. बरोबर मातीचा बैल. बाईच्या पोटाला भोक आणि बैलाच्या पाठीला भोक. काडी घालून बाई बैलावर बसवता येत असे.

ही मूर्ती मेलेल्यासाठी नव्हती. ती देवी असावी आणि घरातल्या मुलाबाळांच्या रक्षणासाठी पुरली असावी, असे मानतात. ज्या जमिनीखाली मेलेली मुले होती, त्याच जमिनीखाली जगणाऱ्या मुलांसाठी देवी ठेवली होती.

आपल्या महाराष्ट्रात मेलेल्यांना द्यायच्या वस्तू पुढे बदलल्या. विदर्भात नागपूरच्या आसपास, जुनापाणी, माहूरझरी अशा ठिकाणी, मोठाल्या दगडांची वर्तुळे आहेत. त्यांखाली मेलेल्यांबरोबर लोखंडी हत्यारे आणि भांडी मिळाली. काही ठिकाणी घोडे मिळाले, त्यांच्या तोंडावरचा तांब्याचा साज तसाच होता. मालकाबरोबर घोडाही गेला. पण मातीच्या माणसांची फौज आपल्याकडे कोणी पुरली नाही. ती पाहायला चीन देशात जावे लागेल.

आधी जिवंत माणसे

चीन हिमालयाच्या पलीकडे. तीन हजार वर्षांपूर्वी तिथे शांग घराण्याचे राजे होते. राजा मेला की त्याच्या थडग्यात माणसे मारून पुरत. नोकर, पहारेकरी, कैदी. राजाला पलीकडे चाकरी कोण करणार, म्हणून! आन्यांग गावाजवळच्या खोदकामात असे सांगाडे ढिगांनी सापडले. काहींची डोकी वेगळी केलेली होती.

पुढे लोकांचे विचार पालटू लागले. जिवंत माणसाच्या जागी लाकडाची, मातीची बाहुली ठेवू लागले. एकेक बाहुली म्हणजे एकेक वाचलेला जीव. कन्फ्यूशस नावाचे तिथले थोर गुरू होऊन गेले. त्यांना माणसासारख्या बाहुल्या पुरणेसुद्धा पसंत नव्हते, असे त्यांच्या परंपरेतल्या मेन्शियस यांच्या ग्रंथात सांगितले आहे. आज माणसासारखी बाहुली पुराल, उद्या माणूस पुराल, अशी त्यांना धास्ती वाटत असावी.

विहीर खणताना

इसवी सनापूर्वी २२१ साली छिन राज्याच्या राजाने सगळी राज्ये जिंकून एक केली. त्याने स्वतःला पहिला सम्राट म्हणवले. चिनी भाषेत छिन शी हुआंग. इसवी सनापूर्वी २१० साली तो वारला. त्याचे थडगे म्हणजे एक टेकडीच आहे. शिआन शहराच्या पूर्वेला, लिंतोंग भागात.

थडग्याची टेकडी लोकांना माहीत होती. पण तिच्या पूर्वेला दीड किलोमीटरवर जमिनीखाली काय आहे, ते दोन हजार वर्षे कोणाच्या गावी नव्हते. १९७४ सालच्या मार्च महिन्यात तिथे पाण्याची टंचाई होती. शेतकरी विहीर खणू लागले. पाणी लागले नाही. मातीची खापरे लागली. मग माणसाचे मातीचे धड, मातीचे डोके! आणि ब्राँझ धातूचे बाण. झाओ कांगमिन म्हणून तिथल्या लहानशा संग्रहालयातले अधिकारी होते. त्यांना खबर गेली. त्यांनी तुकडे गोळा केले, धुतले, जोडले. तेव्हा मातीचा एक शिपाई उभा राहिला.

मग सरकारने नीट खोदकाम सुरू केले. तीन मोठे खड्डे मिळाले. पहिला खड्डा २३० मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद. सगळे मिळून सुमारे ८,००० शिपाई असावेत, असा अंदाज आहे. शिवाय घोडे आणि रथ. १९७९ साली तिथे संग्रहालय उघडले आणि १९८७ साली ती जागा जागतिक वारसा ठरली.

शिपाई कसे केले?

कुंभारकाम जाणणाऱ्याला हे वाचून नवल वाटेल. शिपाई पुऱ्या माणसाएवढे उंच. पाय भरीव, म्हणजे भार पेलतो. धड पोकळ, वळ्यावर वळी चढवून केलेले. हात, डोके वेगळे केले. चेहऱ्यासाठी साचे होते. पण साच्यातून काढल्यावर वर ओली माती लावून नाक, मिशी, भुवया, केस हाताने कोरले. त्यामुळे साचे थोडे असूनही चेहरे वेगवेगळे दिसतात. कोणी म्हातारा, कोणी कोवळा पोरगा. मग ते भट्टीत भाजले आणि शेवटी रंग दिला.

हो, रंग! आज ते मातकट दिसतात. पण मुळात लाल, हिरवे, निळे, जांभळे होते. जमिनीतून बाहेर काढून हवा लागली, की रंगाखालचा लाखेचा थर काही मिनिटांत आकसतो आणि रंग गळून पडतो. दोन हजार वर्षे टिकलेली गोष्ट घाईने बाहेर काढली तर चहा पिऊन होईपर्यंत जाते. म्हणून सम्राटाचे मुख्य थडगे अजून कोणी उघडलेले नाही. नीट राखता येईल तेव्हाच उघडावे, असे ठरले आहे.

कोणाची नावे उरली?

आता या गोष्टीची दुसरी बाजू पाहू. मातीचे शिपाई आले म्हणून माणसांचे बळी थांबले का? नाही. सीमा चियान नावाच्या इतिहासकाराने सुमारे शंभर वर्षांनी लिहून ठेवले आहे, की सम्राटाच्या ज्या बायकांना मूल नव्हते त्यांना त्याच्याबरोबर मारले. थडग्यातल्या युक्त्या ज्या कारागिरांना माहीत होत्या, त्यांना आत कोंडून दार बंद केले. या कामावर ७ लाख माणसे राबवली, असाही आकडा त्याने दिला आहे.

त्या मजुरांतल्या काहींची थडगी सापडली आहेत. तिथे ना रथ, ना घोडे. फक्त काहींच्या जवळ कौलाचा फुटका तुकडा ठेवलेला. त्यावर टोकाने ओरखडून लिहिले आहे. हा अमक्या गावचा, त्याचे नाव अमके. काहींवर तर हेही लिहिले आहे, की हा माणूस सरकारी दंडाची रक्कम अंगमेहनतीने फेडायला आला होता. घर सोडून लांब आला, फेड पुरी व्हायच्या आधीच मेला. कोणा सोबत्याने कौलाचा तुकडा उचलून त्याचे नाव लिहिले.

शिपायांच्या अंगावरही नावे आहेत. ती कारागिरांची. काम बिघडले तर कोणाला धरायचे ते कळावे, म्हणून सरकारने ठसा उठवायला लावला. धाक म्हणून लिहिलेले नाव आज मान झाले आहे. अशी ८० हून अधिक नावे वाचता आली आहेत.

इनामगावच्या लोकांना लिहिणे माहीत नव्हते. म्हणून रांजणातल्या त्या पुरुषाचे नाव आपल्याला कळणार नाही. मडक्यात ठेवलेल्या एकाही मुलाचे नाव कळणार नाही. अक्षराची ताकद ही अशी आहे. राजाला टेकडी लागली. मजुराला चार अक्षरे पुरली.

साध्या माणसांची थडगी

सम्राटाचे घराणे लवकरच बुडाले. पुढे हान घराणे आले. त्यांच्या काळी मातीच्या वस्तू पुरण्याची रीत घरोघर गेली. राजाच्या थडग्यात बाहुल्या लहान झाल्या. चिंग नावाचा राजा इसवी सनापूर्वी १४१ साली वारला. त्याच्या बाहुल्या सुमारे दोन फुटांच्या. त्यांना लाकडी हात आणि कापडी कपडे होते. ते कुजून गेले, मातीचे अंग तेवढे राहिले. बरोबर मातीची डुकरे, कुत्री, मेंढ्या, कोंबड्या.

इतर लोक थडग्यात मातीची चूल ठेवत. मातीची विहीर, मातीचे कोठार, मातीचे डुकरांचे खुराडे ठेवत. यावरूनच त्या काळचे शेतकरी कसे राहत ते आज कळते. पुढे थांग घराण्याच्या काळी पिवळ्या, हिरव्या, तपकिरी झिलईचे मातीचे उंट आणि घोडे करू लागले. त्यानंतर हळूहळू कागदाच्या वस्तू करून जाळण्याची रीत आली. म्हणजे मेलेल्यालाही पोचले आणि जिवंतांचे धान्य, जनावर, माणूसही वाचले.

आपणही भाद्रपदात म्हाळ घालतो. पानावर वाढतो, कावळ्याला हाक मारतो. कावळा शिवला की बरे वाटते. देणे थोडे असते, पण आठवण पुरी असते. जो खर्च कर्ज काढून होतो, तो मेलेल्याला पोचत नाही, सावकाराला पोचतो. एवढे ध्यानात ठेवावे.

आपल्या हातची गोष्ट

चीनमधले शिपाई कोणा पंडिताला सापडले नाहीत. विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना सापडले. आपणही विहीर खणतो, घराचा पाया काढतो, चिरेखाणीत काम करतो. आपल्याच मालवण तालुक्यात कुडोपीच्या सड्यावर कातळात कोरलेली जुनी चित्रे आहेत. ती आता जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याजवळून गुरे नेत होती.

तेव्हा खणताना जुनी मडकी, हाडे, मूर्ती, नाणी लागली तर काय करावे?

पहिले, काम तिथेच थांबवावे. दुसरे, वस्तू उचलू नये, धुवू नये, फोडू नये. रांजणात सोने असते, या आशेने लोक रांजण फोडतात. आत बहुधा माती नाहीतर हाडे असतात. सोने मिळत नाही आणि इतिहास मात्र जातो. तिसरे, सरपंच किंवा तलाठी यांना सांगावे. जमिनीत पुरलेली मोलाची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असा १८७८ सालापासून कायदाच आहे. लपवणे गुन्हा आहे. चौथे, जागा, तारीख आणि किती खोल ते आपल्या हाताने लिहून ठेवावे. आता तुम्हाला लिहिता येते.

मेलेल्यांना त्यांच्या माणसांनी मातीची सोबत दिली होती. ती सोबत आपण मोडू नये.

शब्दांचे अर्थ

दफन – प्रेत जमिनीत पुरणे
उत्खनन – जुन्या वस्तूंसाठी नीट केलेले खोदकाम
रांजण – पाणी, धान्य साठवायचे मोठे मातीचे भांडे
झिलई – भांड्यावरचा चकचकीत थर
सम्राट – राजांचा राजा
वारसा – मागल्यांनी आपल्यासाठी ठेवलेले धन

उत्तरे द्या

१. इनामगाव कोणत्या नदीच्या काठी आहे?
२. तिथले लोक मुलांना कसे पुरत?
३. चार पायांच्या रांजणातल्या माणसाचे पाय का तोडले नसतील?
४. मातीचे शिपाई कोणाला, कधी आणि कसे सापडले?
५. मजुरांची नावे आपल्याला कशामुळे कळली?
६. तुमच्या विहिरीत जुने मडके लागले तर तुम्ही काय कराल? पाच ओळी लिहा.
७. तुमच्या घरातल्या, आता हयात नसलेल्या चार वडील माणसांची नावे आणि गावे वहीत लिहून ठेवा. ज्यांची नावे आठवत नाहीत, ती घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा.